विभक्त होण्याचा हक्क आणि वास्तूची मालकी
(व्याख्यानाचा मजकूर)



धर्मस्वातंत्र्य हा शब्द उच्चारला की आपल्या दृष्टीपुढे एकटा मनुष्य उभा राहतो. त्याची बुद्धी, त्याची श्रद्धा, त्याचा निर्णय. भारतीय राज्यघटनेच्या २५ व्या अनुच्छेदाने हे स्वातंत्र्य व्यक्तीला दिलेले आहे, आणि त्याचे मोल आपणांस कोणी समजावून सांगावे अशी आपली स्थिती नाही. परंतु त्याच्या लगत २६ वा अनुच्छेद आहे. तो धर्मसंप्रदायांविषयी बोलतो : आपल्या धार्मिक बाबींची व्यवस्था त्यांनी स्वतः पाहावी, मालमत्ता संपादन करावी आणि तिचा कारभार कायद्याप्रमाणे चालवावा. या दोन अनुच्छेदांच्या मधोमध एक अवघड प्रश्न उभा आहे, आणि आज मला त्याच्याविषयीच बोलावयाचे आहे. एकटा मनुष्य संप्रदाय सोडतो तेव्हा तो आपली सदसद्विवेकबुद्धी घेऊन बाहेर पडतो. पण संप्रदायाचा एक संपूर्ण प्रांतच बाहेर पडू म्हणतो, तेव्हा प्रार्थनेची इमारत, दफनभूमी, शिल्लक निधी, जुने नाव, ही सारी कोणाची?

या प्रश्नाचा अभ्यास करावयाचा तर अमेरिकेतील दक्षिण कॅरोलायना राज्याचे उदाहरण उत्तम आहे. ते ताजे आहे, त्यातील कागदपत्रे न्यायालयांत तपासली गेली आहेत, आणि त्याचा निकाल लागण्यास जवळजवळ दहा वर्षे लागली आहेत.

एपिस्कोपल चर्च हा इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतून निघालेला अमेरिकन संप्रदाय होय. त्याने आपली घटना १७८९ साली फिलाडेल्फिया येथे संमत केली. त्याची रचना तीन थरांची आहे. तळाशी स्थानिक मंडळी. तिच्यावर बिशपच्या देखरेखीखालील धर्मप्रांत. आणि सर्वांवर राष्ट्रीय सर्वसाधारण अधिवेशन. दक्षिण कॅरोलायनाचा धर्मप्रांत १७८५ साली, म्हणजे राष्ट्रीय घटनेच्या चार वर्षे आधी, स्थापन झाला. हा क्रम आपण ध्यानात ठेवावा. पुढे एका पक्षाने म्हटले, आम्ही आधीचे. स्वेच्छेने आत आलो, स्वेच्छेने बाहेर जाऊ. दुसऱ्या पक्षाने म्हटले, घटना मान्य करून आत आलात. दोन शतके तिच्या छायेत वाढलात. आता ती एकतर्फी मोडता येणार नाही. दोन्ही म्हणणी ऐकण्यास सरळ वाटतात. कायद्याचे काम अशाच ठिकाणी सुरू होते.

वादाचे मूळ काय होते? २००३ साली न्यू हॅम्पशायर प्रांताने जीन रॉबिन्सन यांना बिशप केले. ते समलिंगी असून आपल्या जोडीदारासह उघडपणे राहत होते. २००६ साली कॅथरीन जेफर्ट्स शोरी या पहिल्या महिला संप्रदायाच्या राष्ट्रीय प्रमुख बिशप निवडून आल्या. २०१२ साली इंडियानापोलिस येथील अधिवेशनाने समलिंगी जोडप्यांना आशीर्वाद देण्याच्या विधीस तात्पुरती मान्यता दिली. दक्षिण कॅरोलायनातील पुढाऱ्यांचे म्हणणे असे, की हा पवित्रशास्त्राचा त्याग आहे, आणि राष्ट्रीय नेतृत्व आपल्या घटनात्मक मर्यादा ओलांडीत आहे. तेथील बिशप मार्क लॉरेन्स यांनी २००८ साली पद स्वीकारल्यापासून हा ताण वाढतच गेला.

आता त्या प्रांताने काय केले ते पाहा, कारण वकिलाच्या दृष्टीने बोध त्यातच आहे. राष्ट्रीय घटनेस व नियमांस आम्ही बांधील आहोत, असे जे वाक्य प्रांताच्या घटनेत होते, ते त्याने टप्प्याटप्प्याने आकुंचित केले. २०११ साली प्रांताने आपल्या मंडळ्यांना हक्कसोडपत्रे दिली. अर्थात तुमच्या इमारतींवर प्रांताचा जो काही हक्क असेल तो सोडला, असे लिहून दिले. आपल्याविरुद्ध राष्ट्रीय चर्चने शिस्तभंगाची कारवाई केल्यास प्रांत तत्क्षणी विभक्त होईल, असाही ठराव करून ठेवण्यात आला. लॉरेन्स यांनी चर्चचा त्याग केल्याचा राष्ट्रीय चर्चच्या शिस्तमंडळाचा निष्कर्ष ऑक्टोबर २०१२ मध्ये त्यांना कळविण्यात आला. लागलीच तो ठराव अंमलात आला, आणि १७ नोव्हेंबर २०१२ रोजी चार्ल्स्टन शहरात भरलेल्या विशेष अधिवेशनाने त्यावर शिक्कामोर्तब केले. जानेवारी २०१३ मध्ये विभक्त पक्षानेच राज्याच्या न्यायालयात दावा लावला.

बंधुंनो, अमेरिकेत न्यायालय धर्मतत्त्वाचा निवाडा करीत नाही. कोणाचे शास्त्रार्थ खरे, हे सांगण्याचा न्यायाधीशाला अधिकार नाही. मग इमारतीचा निकाल तो कशावर देणार? यास तेथे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग १८७२ साली वॉटसन विरुद्ध जोन्स या खटल्यात घालून दिला गेला. केंटकी राज्यातील लुईव्हिल शहराच्या वॉलनट स्ट्रीट प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये गुलामगिरीच्या प्रश्नावरून दोन तट पडले होते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की जी मंडळी एखाद्या श्रेणीबद्ध संप्रदायाचा भाग आहे, तिच्याबाबत त्या संप्रदायाच्या सर्वोच्च सभेचा निर्णय न्यायालयाने मान्य करावा. गुलामगिरीचा निषेध करणाऱ्या राष्ट्रीय सभेशी निष्ठ राहिलेल्या गटाला वास्तू मिळाली.

दुसरा मार्ग १९७९ साली जोन्स विरुद्ध वुल्फ या खटल्यात पाच विरुद्ध चार अशा मतांनी मान्य झाला. न्यायालयाने धर्माकडे न पाहता खरेदीखत, मंडळीची सनद, संप्रदायाची घटना आणि राज्याचा कायदा एवढेच वाचावे. कोणत्याही सामान्य मालमत्तेच्या दाव्यात वाचले जातात तसे. संप्रदायांना आपली मालमत्ता राखावयाची असेल तर त्यांनी आपल्या घटनेत तसा न्यास स्पष्ट लिहून ठेवावा, असेही न्यायालयाने सुचविले. एपिस्कोपल चर्चने त्याच वर्षी ही सूचना उचलली. डेनिस नियम या नावाने ओळखला जाणारा त्यांचा नियम सांगतो, की प्रत्येक मंडळीची मालमत्ता राष्ट्रीय चर्च व धर्मप्रांत यांच्यासाठी न्यासरूपाने धारण केलेली आहे.

परंतु एकाने लिहिलेल्या नियमाने दुसऱ्याच्या जमिनीवर न्यास निर्माण होतो काय? आपल्या घरावर शेजाऱ्याने आपल्या वहीत हक्क लिहिला, तर ते घर त्याचे होईल काय? दक्षिण कॅरोलायनाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली नेमके हेच विचारले. पॉलीज आयलंड येथील ऑल सेंट्स मंडळीची जमीन १७४५ च्या दस्ताने मिळालेली होती. जी मालमत्ता आपल्या नावावर नाही तिच्यावर कोणी एकतर्फी न्यास लादू शकत नाही, असे न्यायालयाने ठरविले. २०१२ साली विभक्त झालेल्यांचा मुख्य भरवसा या निकालावर होता.

पुढचा प्रवास लांब आहे. २०१५ साली खालच्या न्यायालयाने विभक्त पक्षास अनुकूल निकाल दिला. ऑगस्ट २०१७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने बहुतांशी उलट निकाल दिला. पण पाच न्यायमूर्तींनी पाच निरनिराळी मते लिहिली, आणि निकालाचा अर्थ काय यावरच नवा वाद उत्पन्न झाला. २०१८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला. २०२० साली खालच्या न्यायालयाने पुन्हा विभक्त मंडळ्यांची बाजू घेतली. अखेर एप्रिल २०२२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने एकेका मंडळीचे कागद वेगवेगळे वाचले. जिच्या स्वतःच्या ठरावात वा नियमावलीत राष्ट्रीय नियमांना संमती होती, तिने न्यास निर्माण केला असे धरले. जिच्या कागदात ती नव्हती, तिची इमारत तिच्याकडे राहिली. २९ पैकी १४ मंडळ्यांच्या वास्तू राष्ट्रीय चर्चकडे गेल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फेरविचारांती काही मंडळ्यांचा निकाल बदलला, आणि सप्टेंबरमध्ये उभय पक्षांनी तडजोड करून वाद मिटविला. जुने नाव मात्र विभक्त पक्षाला राखता आले नाही. २०१९ सालीच संघीय न्यायालयाने ते नाकारले होते.

या निकालाकडे नीट पाहा. एकाच शहरातील, एकाच मताच्या, एकाच दिवशी बाहेर पडलेल्या दोन मंडळ्या. एकीला वास्तू मिळाली, दुसरीला नाही. फरक श्रद्धेत नव्हता. कित्येक वर्षांपूर्वी कोणा चिटणीसाने नियमावलीत घातलेल्या एका वाक्यात तो होता. सभेत ते वाक्य वाचले गेले असेल, हात वर झाले असतील, आणि सर्वजण घरी गेले असतील. राज्याराज्यांतही हाच भेद दिसतो. टेक्सासमधील फोर्ट वर्थ प्रांत २००८ साली विभक्त झाला. २०२० साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने मालमत्ता विभक्त पक्षाला दिली. कॅलिफोर्नियात २००९ साली आणि व्हर्जिनियात २०१३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयांनी राष्ट्रीय चर्चची बाजू घेतली.

येथपर्यंत कायदा झाला. परंतु आपण माझ्याकडून एवढेच ऐकून समाधान मानणार नाही. आपण विचाराल, अशा फुटून निघण्याला न्याय्य म्हणावे की अन्याय्य? त्याचे उत्तर शोधण्यासाठी त्याच चार्ल्स्टन शहरातील दुसऱ्या एका विभक्त होण्याकडे मी आपले लक्ष वेधतो.

फिलाडेल्फियातील सेंट जॉर्ज मेथडिस्ट चर्चमध्ये प्रार्थनेसाठी गुडघे टेकलेल्या अब्सलोम जोन्स या निग्रो भक्ताला गोऱ्या विश्वस्तांनी ओढून उठविले. कारण ती जागा गोऱ्यांसाठी होती. कृष्णवर्णीय भक्त उठून बाहेर पडले. त्यांतील रिचर्ड ॲलन यांनी १७९४ साली बेथेल चर्च उभे केले. जमीन त्यांची, पैसा त्यांचा, श्रम त्यांचे. पण १७९६ साली संस्थेची सनद तयार झाली, ती गोऱ्या धर्माधिकाऱ्याने लिहिली. आणि तीत मालमत्तेवरील अधिकार मेथडिस्ट परिषदेकडे गेल्याचे भक्तांना वर्षानुवर्षे उमगले नाही. उमगले तेव्हा १८०७ साली दोनतृतीयांश मतांनी त्यांनी सनद दुरुस्त केली. तरीही वाद थांबला नाही. त्यांचेच चर्च लिलावात निघाले, आणि आपलीच वास्तू ॲलन यांना दहा हजार डॉलरांहून अधिक बोली लावून सोडवावी लागली. १८१६ साली पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने बेथेलचे स्वातंत्र्य मान्य केले. त्याच वर्षी आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च हा स्वतंत्र संप्रदाय स्थापन झाला आणि ॲलन त्याचे पहिले बिशप झाले.

चार्ल्स्टनमध्येही हेच घडले. तेथील मेथडिस्ट संप्रदायात कृष्णवर्णीयांच्या दफनभूमीवर गोऱ्यांनी प्रेतवाहनाची शेड बांधली. मृताला सन्मान नाही तेथे जिवंताला काय असणार? १८१८ च्या सुमारास मॉरिस ब्राऊन यांच्या नेतृत्वाखाली हजारो कृष्णवर्णीय भक्त बाहेर पडले. त्यांतील बहुसंख्य गुलाम होते. १८२२ साली डेन्मार्क व्हेसी यांच्यावर बंडाचा आरोप ठेवून त्यांना फाशी दिले गेले, आणि त्यानंतर ते चर्च उद्ध्वस्त करण्यात आले. यादवी युद्ध संपल्यावर १८६५ साली ते पुन्हा उभे राहिले. इमॅन्युएल चर्च हे त्याचे नाव. जून २०१५ मध्ये वर्णद्वेष्ट्या तरुणाने तेथे नऊ जणांची हत्या केली. तरीही ते चर्च आजही उभे आहे.

एकाच शहरात दोन वेळा लोक बाहेर पडले. १८१८ मध्ये बाहेर पडलेल्यांना समानता नाकारलेली होती, म्हणून ते बाहेर पडले. २०१२ मध्ये बाहेर पडलेल्यांची तक्रार अशी होती, की ज्याला आम्ही पाप मानतो त्याला संप्रदायाने सन्मान दिला. दोन्ही ठिकाणी सदसद्विवेकबुद्धीचे नाव घेतले गेले. पण मानवी प्रतिष्ठेच्या तराजूत दोन्ही पारडी समान नाहीत, असे माझे स्पष्ट मत आहे. १८४४ साली अमेरिकेतील मेथडिस्ट संप्रदाय दुभंगला, तेव्हा दक्षिणेकडील पक्ष गुलाम बाळगणाऱ्या बिशपच्या पाठीशी उभा राहून वेगळा झाला. त्यानेही श्रद्धेचेच नाव घेतले होते. म्हणून कोणी बाहेर पडला एवढ्यावरून त्याचा गौरव करू नये. तो कशापासून बाहेर पडला आणि कोणाला मागे टाकून बाहेर पडला, हे आधी विचारावे.

तथापि येथे आपण सावध राहिले पाहिजे. कारण अमान्य आहे म्हणून बाहेर पडण्याचा हक्कच अमान्य करणे, ही फार धोक्याची वाट आहे. ॲलन यांचे कारणही सेंट जॉर्जच्या विश्वस्तांना अमान्यच होते. ज्याचे मत आपणांस पटत नाही त्यालाही निघून जाण्याची मोकळीक असली पाहिजे. तरच ज्याचे मत सत्तेला पटत नाही त्याची मोकळीक टिकेल. मात्र निघून जाण्याचा हक्क निराळा आणि वास्तू घेऊन जाण्याचा हक्क निराळा. पहिला हक्क माणूस म्हणून जन्मतःच मिळतो. दुसरा, आपण कोणाला काय लिहून दिले आहे त्यावर ठरतो.

आणखी एक गोष्ट. प्रत्येक विभक्त होण्यात एक तिसरा पक्ष असतो. सभेत ज्यांचे मत पडले नाही, ते अल्पसंख्य. दक्षिण कॅरोलायनात राष्ट्रीय चर्चशी निष्ठ राहू इच्छिणाऱ्या कित्येक कुटुंबांना आपल्या आईबापांची थडगी असलेल्या आवारातून उठून दुसरीकडे प्रार्थना करावी लागली. निकालानंतर तीच पाळी दुसऱ्या पक्षातील कित्येकांवर आली. बहुमताने ठराव होतो. पण बहुमताने कोणाचे बालपण, कोणाचे लग्न, कोणाच्या मृताची आठवण हस्तांतरित होत नाही. म्हणून घरातून बाहेर पडण्याचे दार आधीच बांधून ठेवावे. युनायटेड मेथडिस्ट चर्चने २०१९ साली असे एक दार बांधले. उपस्थित सभासदांपैकी दोनतृतीयांशांनी मत द्यावे, पाळकांच्या निवृत्तिवेतनाचा आपला वाटा भरावा, ठरलेली वर्गणी चुकती करावी, आणि वास्तूसह निघून जावे. २०२३ अखेरपर्यंत सुमारे ७,६०० मंडळ्या, म्हणजे त्या संप्रदायाच्या अमेरिकेतील मंडळ्यांचा सुमारे चौथा हिस्सा, या दाराने बाहेर पडला. दुःख तेथेही झाले, काही ठिकाणी खटलेही झाले. परंतु बहुतेकांना दहा वर्षे न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या नाहीत.

हा प्रश्न सातासमुद्रापलीकडचाच आहे, असेही आपण समजू नये. २९ नोव्हेंबर १९७० रोजी आपल्या नागपूर शहरात सहा संप्रदाय एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. त्यांत गुजरातेतील ब्रदरन संप्रदायाची प्रांतिक संस्थाही सामील झाल्याचा ठराव होता. पुढे तिच्यातील एका गटाने विभक्त होण्याचे ठरविले आणि मालमत्तेचा वाद न्यायालयांत गेला. २०१३ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की केवळ विलीनीकरणाचा ठराव पुरेसा नाही. संस्था नोंदणी अधिनियम आणि मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० यांनी सांगितलेली रीत पाळली गेली नसल्यामुळे जुनी संस्था कायद्याने संपलेलीच नाही, आणि तिची मालमत्ता तिचीच राहिली. चाळीस वर्षे लोक जी गोष्ट झाली असे समजत होते, ती कायद्याच्या दृष्टीने झालेलीच नव्हती.

आता आपल्याकडे वळतो. वाड्यावस्त्यांतून आपण विहारे बांधीत आहात, मंडळे स्थापन करीत आहात, वर्गणीतून जागा घेत आहात. दिवसभर मजुरी करून दिलेला रुपया त्या विटांत आहे. म्हणून माझी आपणांस काही कळकळीची विनंती आहे. जागा व्यक्तीच्या नावाने घेऊ नका. संस्थेच्या नावाने घ्या, आणि संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवा. महाराष्ट्रात तो १९५० चा अधिनियम आता महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम या नावाने लागू आहे. विश्वस्त बदलले की बदल-अहवाल दाखल करा. मृत माणसाच्या नावावर संस्था चालवू नका. मोठ्या संस्थेशी संलग्न होत असाल तर संलग्नतेचा अर्थ काय, तो लेखी मागा. विचार एक असणे आणि मालमत्ता एक असणे या भिन्न गोष्टी आहेत. विश्वस्तलेखात मतभेद झाल्यास काय करावयाचे, किती बहुमत लागेल, अल्पमतातील कुटुंबांचा वापराचा हक्क कसा राहील, हे आजच, सर्वांचे मन एक असताना, लिहून ठेवा. भांडण लागल्यावर असे कलम लिहिण्यास कोणी बसत नाही.

आणि नियमावली सभेत मोठ्याने वाचावी. ज्यांना अक्षरओळख नाही त्या आईबहिणींनाही ती समजावी. रिचर्ड ॲलन यांच्यासारख्या जाणत्या पुढाऱ्याच्या संस्थेलाही दुसऱ्याने लिहिलेल्या सनदेने दहा वर्षे बांधून ठेवले. आपल्या संस्थेचा कागद आपणच लिहावा, आपणच वाचावा, आणि जो कागद आपल्याला कळत नाही त्यावर सही वा अंगठा करू नये. ज्या वस्तीत अद्याप विश्वस्तलेख झालेला नाही, त्या वस्तीने पुढील सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर हा विषय पहिला ठेवावा.